शर्यतीची घाई

मूल पोहू लागले की कित्येक पालक त्यास लगेच शर्यतीत उतरवू पाहतात. विहिरीत, ओहोळात पोहणारी मुले आमच्या भागात पुष्कळ. परंतु शर्यतीचे पोहणे निराळे. (पाण्याचा खळखळाट मोठा, पुढे सरकणे थोडे, असेच बहुधा दिसते!) स्पर्धेत वयाचे गट पाडतात, हे न्याय्यच होय. शिकविताना मात्र नुसते वय पाहून भागत नाही. ज्यास पाण्यात श्वास सोडण्याची रीत साधली नाही, त्याने चौदाव्या वर्षीही नवशिक्यांतच राहावे. त्यात कमीपणा कसला? ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर मुलांच्या कलाने शिकविण्याची जी रीत चालविली, ती पाण्यातही लागू पडते. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ साली सोळा वर्षांचा असताना बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला खरा. परंतु आशियाई स्पर्धेतील कांस्यपदक त्यास २०१० साली, एकोणीस वर्षांचा झाल्यावर, ५० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मिळाले.