‘मन खंबीर कर’ म्हणण्याआधी

यंदाच्या वर्षावासात मोडनिंबच्या आमच्या विहारात ग्रंथवाचन संपलं की आम्ही चार-पाच जण मागं थांबायचो आणि मनाविषयीची पुस्तकं वाचायचो. सुरुवात अच्युत गोडबोले यांच्या ‘मनात’पासून केली. लेखक सोलापुरात वाढलेले, म्हणून हात आधी तिकडं गेला. पुस्तक जाडजूड. बरंच डोक्यावरून गेलं, पण सोडलं नाही.

कारण वस्तीतच होतं. पोलीस भरतीत दुसऱ्यांदा राहिलेला एक पोरगा तीन महिने घराबाहेर पडत नव्हता. झोप नाही, जेवण नाही. आम्ही सगळे एकच सांगायचो, “मन खंबीर कर.” कुणीतरी लिंबूही उतरवलं. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात!

मग एरन बेक या अमेरिकन डॉक्टरांविषयी वाचलं. उदासीनं आजारी पडलेला माणूस तीन गोष्टी धरून बसतो, असं त्यांना दिसलं: मी नालायक, जग वाईट, पुढं काही चांगलं होणार नाही. मनात आलेला विचार खराच असतो असं नाही, तो तपासायला शिकता येतं, यावर त्यांचा उपचार उभा आहे. धम्मपदाची सुरुवातच मनापासून होते, त्यामुळे आम्हाला हे परकं वाटलं नाही.

पण इथंच आमचं भांडण आहे. याच पोराला पुण्यात खोली बघताना आडनाव विचारून दोनदा परत पाठवलं होतं. जग वाईट वागलं, हा त्याचा भ्रम नाही. त्यावरून ‘मी नालायक’ ठरवणं ही मात्र चूक, आणि ती सुधारता येते. हा फरक पुस्तकांनी ठळक सांगायला हवा होता. १९१७ साली बडोद्यात पारशांच्या धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ती आठवण अठरा वर्षांनीही डोळ्यांत पाणी आणते, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. रडणं लपवलं नाही आणि दोष स्वतःकडं घेतला नाही.

पोरगा आता सोलापूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं जातो. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात तो सोडणार होता, आईनं सोडू दिल्या नाहीत. बऱ्या वाटल्यावरही आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. तुमच्या घरात कुणाची दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशात लक्ष लागेना, तर डॉक्टरांकडं न्या. मरणाचं बोलू लागला तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.

परवा त्यानं ‘मनात’ वाचायला मागून नेलं. अजून परत दिलेलं नाही.