मृताला एकटं न सोडण्याची रात्र

ज्यू परंपरेत दफन होईपर्यंत मृतदेह एकटा ठेवत नाहीत. कुणीतरी शेजारी बसून स्तोत्रं म्हणत राहतं. त्याला ‘शोमेर’ म्हणतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये मृतांचे अवशेष ठेवलेल्या तंबूंपाशीही हा पहारा कित्येक महिने चालू होता. शब्बाथला, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवशी, वाहनात बसता येत नाही, म्हणून त्या दिवशीच्या पाळ्या चालत येऊ शकणाऱ्या, ज्यू मुलींच्या स्टर्न कॉलेजच्या विद्यार्थिनींनी उचलल्या. कुणाचे अवशेष, हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

दिग्दर्शक कीथ थॉमसचा ‘द व्हिजिल’ (२०१९) हा भयपट याच रिवाजावर उभा आहे.

ब्रुकलिनमधली बरो पार्क ही हसिदिक, म्हणजे कट्टर सनातनी ज्यूंची, वस्ती. याकोव्ह ती वस्ती आणि तिथले कडक नियम सोडून नुकताच बाहेर पडलाय. हातात पैसा नाही, म्हणून तो लिटवाक नावाच्या म्हाताऱ्याच्या मृतदेहाशेजारी रात्रभर बसायला तयार होतो. अंधारलेली बैठकीची खोली, चादरीखालचा देह आणि समोर खुर्चीत मोबाइल चाळणारा हा तरुण. बायकांशी बोलायचं कसं, हे तो गूगलवर शोधतो. मग त्याच फोनवर एक व्हिडिओ येतो. त्यात खुर्चीत झोपलेला माणूस तो स्वतःच असतो.

त्या रात्री त्याला छळणारं ‘मझ्झिक’ हे पिशाच्च थॉमसच्या डोक्यातून निघालेलं नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात असल्या पिशाच्चांचे थवेच्या थवे आहेत. त्यांची चाहूल घ्यायची तर अंथरुणाभोवती चाळलेली राख पसरावी, सकाळी कोंबड्याच्या पावलांसारखे ठसे दिसतील, असं तिथे सांगितलंय. थॉमसने आपल्या मझ्झिकचं तोंड पाठीकडे फिरवलं. हे पिशाच्च कायम मागेच बघतं. बुखेनवाल्डच्या छळछावणीतून वाचलेल्या लिटवाकला त्याने धरलं, आणि आता धाकट्या भावाच्या मरणाचं ओझं वाहणारा याकोव्ह त्याच्या समोर आहे. आपण वाचलो, ते गेले, हे शल्य घेऊन जगणाऱ्यांचं दुःख इतक्या नेमकेपणाने भयपटात क्वचितच येतं.

उत्तरार्धात कानठळ्या बसवणारे दचके मात्र जरा जास्तच झालेत. त्यांची गरज नव्हती. लिटवाकच्या विधवेच्या भूमिकेतल्या लिन कोहेन नुसत्या बघतात तेव्हाही अंगावर काटा येतो.

अखेरीस याकोव्ह प्रार्थनेच्या वेळी बांधायचा तेफिलिनचा चामडी पट्टा हाताला गुंडाळून त्या पिशाच्चाला सामोरा जातो. धर्मापासून दुरावलेल्या माणसाच्या हाती थॉमसने त्याच्याच परंपरेची वस्तू दिली, पण त्या बदल्यात त्याला वस्तीत परतायला लावलं नाही. या चित्रपटाचं मोठेपण तिथे आहे.