जंगलाचा खर्च कोणी द्यायचा?

शिकाऱ्याच्या पैशातून वन्यप्राणी राखायचे, हे ऐकायला उफराटे वाटते. पण अमेरिकेत ते १९३७ पासून चालू आहे. पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तेथे शिकारीच्या बंदुका व काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांसाठी बांधून दिला. कर कारखानदार भरतो, पण तो वसूल होतो बंदुकीच्या किमतीतूनच. शिवाय एखाद्या राज्याने शिकार परवान्याची फी दुसऱ्या कामाकडे वळवली, तर ते या निधीला मुकते. आम्हाला ही अट सर्वांत मोलाची वाटते.

आपल्याकडे असा कर लावता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही संपली. आता आमच्या भंडारा जिल्ह्यात चोरटी शिकार होते ती क्लच वायरच्या फासाने, नाहीतर धुऱ्यावर सोडलेल्या विजेच्या तारेने. त्या तारेवर कर कसा बसवणार?

आणि तार सोडणारा प्रत्येक जण शिकारी नसतो. धान निसवले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत बांधी तुडवून जातो. जंगलालगतच्या गावांत मग घरोघरची माणसे शेतावर जागल करतात. पहिल्या तासाला डुलकी घेणारे मूल नेहमी आळशीच असते असे नाही, हे आम्हा शिक्षकांना समजायला हवे. भरपाई मिळते, पण पंचनामे आणि कागद होईपर्यंत हंगाम निघून जातो. शेवटी कोणीतरी तार सोडतो. तिला कधी डुक्कर लागते, कधी वाघ, तर कधी शेजारचाच माणूस.

म्हणजे जंगलाची किंमत आज तो भरतो, ज्याच्या पदरी आधीच कमी आहे. इहराममध्ये जाणूनबुजून शिकार केली तर बदला द्यावा लागतो, हे हजला जाऊन आलेल्या घरांत ठाऊक असते. जीव घेतला तर त्याची भरपाई करणाऱ्यानेच द्यायची आणि ती गरिबाच्या ताटापर्यंतही पोहोचू शकते, हा त्यातला न्याय आहे.

आपल्याकडे जंगलाचा आनंद घेतो तो पर्यटक. २००६ च्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी संवर्धन प्रतिष्ठाने आली आणि प्रवेश शुल्काचा पैसा त्यांच्याकडे जमा होऊ लागला. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. आपले कोका अभयारण्य त्याचाच भाग आहे. तेव्हा हे तिकीट हाच आपला कर समजावा. त्यातून आधी धुऱ्यावरचे सौर कुंपण व्हावे आणि पिकाची भरपाई वेळेत मिळावी, मग बाकीचे.

ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन जंगलात जाल, तेव्हा तिकिटाबद्दल कुरकुर करू नका. पण जंगलाशेजारी राहणाऱ्या वाचकांनी ग्रामसभेत उठून एवढे जरूर विचारावे: यंदा किती पैसे आले आणि किती शेतांना कुंपण झाले?