‘चालेल की!’ म्हणण्याआधी

शाळेत आम्हाला ‘ओल्ड इज गोल्ड’ या विषयावर निबंध असायचा. कॉन्व्हेंट असल्यामुळे अर्थातच इंग्रजीत. मराठीत मी आज पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या मेकॅनिकलचाच आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलल्यावर कुठले पार्ट परत बसवायचे आणि कुठले बदलायचे?

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी एका गॅरेजमध्ये ट्रेनिंग करत होते. एक रिटायर्ड काका आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊन आले. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही. तेल बघितलं तर आपल्या मेसच्या उरलेल्या चहासारखं काळं, वर जळका वास. गिअरबॉक्स खोलला. क्लच प्लेट्सचं अस्तर जळून गेलं होतं.

उस्तादांनी प्लेट्स, ऑईल सील, ओ-रिंग, पॅकिंग, फिल्टर सगळं नवीन लिहून दिलं. गिअरचे दात उजेडात धरून तपासले आणि बाजूला ठेवले. “हे अजून खूप चालतील.” मग टॉर्क कन्व्हर्टरवर हात ठेवून म्हणाले, “हा मात्र बदलायला लागेल.” किंमत ऐकून काकांचा चेहराच उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, “बेटा, तू इंजिनिअर होणार ना? तूच सांग, खरंच गरज आहे का?”

मी कन्व्हर्टर उलटसुलट करून पाहिला. बाहेरून एकदम छान. मी म्हटलं, “चालेल की, काका!” ते खूश झाले. उस्ताद गप्प बसले.

अडीच महिन्यांत गाडी परत आली. तीच तक्रार, तोच वास.

कारण साधं होतं. कन्व्हर्टर वेल्डिंग करून बंद केलेला असतो, आत हात पोचत नाही. पहिल्या वेळी जळलेल्या अस्तराचा आणि धातूचा चुरा त्यातच बसून होता. नवीन तेलाबरोबर तो सगळीकडे फिरला, व्हॉल्व्ह बॉडीतले व्हॉल्व्ह अडकले, तेलाचं प्रेशर कमी झालं आणि नव्या प्लेट्स घसरून जळाल्या. उस्तादांनी दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही. पार्टचे पैसे काकांनी भरले. माझ्या ‘चालेल की’चं बिल त्या दोघांनी भरलं, मी नाही!

काही मित्र म्हणतात, मग सगळंच नवीन टाकायचं, डोक्याला ताप नको. मला हेही पटत नाही. चांगले गिअर आणि शाफ्ट भंगारात घालायचे आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी मारायचं, याला इंजिनिअरिंग कसं म्हणायचं? आणि नवीन म्हणजे बिनधोक असंही नाही. फ्रिक्शन प्लेट्स तेलात न भिजवता बसवल्या किंवा क्लच पॅकचा क्लिअरन्स फीलर गेजने मोजला नाही, तर नव्यासुद्धा जळतात.

माझं मत असं की पार्टचे तीन ढीग करावेत. रबर, पॅकिंग, फिल्टर, फ्रिक्शन प्लेट्स: न विचारता बदला. स्टील प्लेट, गिअर, बुश, ड्रम: मोजा. स्टील प्लेट निळी पडली असेल, वाकली असेल तर बाद, नाहीतर बघू. तिसरा ढीग ज्यांच्या आत बघता येत नाही त्यांचा, म्हणजे कन्व्हर्टर आणि तेलाचा कूलर. इथे पहिला गिअरबॉक्स कशाने गेला ते विचारा. आत चुरा फिरला असेल तर कन्व्हर्टर बदला किंवा तो कापून दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवा, आणि कूलर नीट फ्लश करा.

आपल्या लॅबमध्ये कट सेक्शन मॉडेल आहे. व्हायव्हात आम्ही कन्व्हर्टरचं ‘फंक्शन’ घडाघडा सांगतो. पण झिजलेला पार्ट हातात देऊन “हा परत बसवशील का?” असं आजवर कोणी विचारलेलं नाही. सरांना विनंती आहे, भंगारातून दहा-बारा पार्ट आणा, टेबलावर मांडा, मायक्रोमीटर द्या. प्रत्येकाने निर्णय लिहावा, कारण लिहावं आणि खाली सही करावी. सही करताना हात जरा थांबतो. त्या दिवशी माझा थांबला असता, तर काकांचे पैसे वाचले असते.

बघा, पटतंय का!