मदत परकी, भाषा आपली

विद्यार्थी मित्रहो, युरेनियमच्या अणूचे विभाजन झाले की काही न्यूट्रॉन बाहेर पडतात, ते शेजारचे अणू फोडतात आणि साखळी पुढे चालू राहते, हे तुम्ही वाचले असेल. अणुभट्टीत बोरॉन किंवा कॅडमियमचे दांडे घालतात. ते न्यूट्रॉन शोषून घेतात. एका विभाजनातून पुढे होणारी विभाजने सरासरी एकाहून कमी झाली, की साखळी हळूहळू विझते. प्रत्येक न्यूट्रॉन पकडण्याची गरज नसते. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण आज हा नियम एका रोगाला लावून पाहणार आहे. तो रोग म्हणजे एड्स.

एड्स हा एचआयव्ही या विषाणूमुळे होतो. रोगांपासून आपले रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरच तो हल्ला करतो. त्याच्या प्रसाराचे मार्ग मोजके आहेत: लैंगिक संबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि बाधित मातेकडून गर्भारपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून बाळाकडे. एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो होत नाही. डासामुळेही होत नाही. कारण हा विषाणू डासाच्या शरीरात वाढू शकत नाही, आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचे रक्त नव्हे.

मार्ग मोजके, म्हणून आपले 'दांडे'ही मोजके आणि ठाऊक असलेले आहेत: निरोधचा वापर, तपासलेले रक्त, निर्जंतुक सुया, गरोदर मातेची चाचणी आणि उपचार. असे असूनही संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे १३ लाख लोकांना नव्याने लागण झाली. असे का व्हावे? दांडा विकत आणता येतो. तो का आणि केव्हा वापरायचा, ही समज विकत मिळत नाही.

आफ्रिकेतील युगांडाचे उदाहरण पाहू या. १९८६ साली तेथे यादवी युद्ध नुकतेच संपले होते. नव्या सरकारने ६० सैनिकी अधिकारी प्रशिक्षणासाठी क्यूबाला पाठवले. त्यांपैकी १८ जण बाधित निघाले. ही बातमी फिडेल कॅस्ट्रो यांनी स्वतः राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांच्या कानावर घातली. तेव्हा अनेक देशांची सरकारे हा रोग आपल्याकडे नाहीच असे म्हणत होती. युगांडाने मात्र तो आहे असे उघड सांगितले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

पैसा आणि तज्ज्ञ बाहेरून आले; पण बोलणे तेथलेच राहिले. रेडिओवर आधी ढोल वाजे, मग सूचना होई. 'आपल्याच कुरणात चरा' अशा अर्थाची घोषणा गुराख्यांच्या भाषेतून आली. खुंटीला बांधलेले जनावर दोराच्या टप्प्यातच चरते, तसे आपल्या जोडीदाराशी एकनिष्ठ राहा, हा तिचा अर्थ. १९८७ मध्ये नोएरीन कलीबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना आधार देणारी 'टासो' ही संस्था उभारली. १९८९ मध्ये फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले, आणि मृत्यूपूर्वीच्या काही महिन्यांत तो त्याविषयी लोकांशी बोलत राहिला. १९९३ मध्ये युनिसेफच्या मदतीने 'स्ट्रेट टॉक' हे किशोरांसाठीचे पत्र निघाले. त्यात तुमच्या वयाच्या मुलामुलींच्या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळत.

परिणाम काय झाला? १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रौढांत बाधितांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. २००४-०५ च्या देशव्यापी पाहणीत ते ६ टक्क्यांच्या आसपास आले. विषाणूला रोखणारी औषधे या काळात बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. तेव्हा ही घट औषधांची नव्हे.

परंतु येथे थोडे सावध राहायला हवे. टाकीतील पाणी दोन कारणांनी उतरते: वरची धार बारीक झाली म्हणून, किंवा खालची तोटी मोठी झाली म्हणून. युगांडात हजारो रुग्ण दगावले; घटीचा एक भाग या मृत्यूंचा आहे. वागणुकीत बदल झाला हेही खरे, पण कशाचा वाटा किती याविषयी अभ्यासकांत वाद आहेत. उलट आज औषधांमुळे रुग्ण दीर्घकाळ जगतात. म्हणून नवी लागण कमी होऊनही बाधितांची संख्या वाढलेली दिसू शकते. नुसता आकडा पाहून यश-अपयश ठरवू नका.

मग परदेशी मदतीचे मोल काय? ते मोठे आहे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. तोपर्यंत त्याला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. २००२ मध्ये जागतिक निधी आणि २००३ मध्ये अमेरिकेची 'पेपफार' योजना आली, आणि ही औषधे गरीब देशांत पोहोचली. बाधित व्यक्तीने लवकर औषध सुरू केले, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये नऊ देशांतील एका चाचणीने दाखवले. त्या चाचणीत पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सहभागी होती. म्हणजे सहकार्यात आपण नुसते घेणारे नव्हतो, देणारेही होतो.

तथापि देणाऱ्याच्या अटी असतात. पेपफारच्या मूळ कायद्याने प्रतिबंधाच्या रकमेपैकी एक तृतीयांश रक्कम लग्नापूर्वीच्या संयमाच्या प्रचारासाठी बांधून ठेवली होती; ही अट २००८ मध्ये सैल झाली. देणाऱ्याचे मनही बदलते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली आणि आफ्रिकेतील कित्येक दवाखान्यांचे काम अडले. पुढे काही मदत पुन्हा सुरू झाली, पण धडा मिळायचा तो मिळाला. माझे मत असे, की परकी मदत जरूर घ्यावी, आणि ती चालू आहे तोवर स्वतःचे शिक्षक, परिचारिका आणि प्रयोगशाळा तयार कराव्यात. शिकलेली गोष्ट कोणी परत मागू शकत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमाला अनेक राज्यांत विरोध झाला. महाराष्ट्रानेही तो थांबवला. हे परक्यांचे खूळ आहे आणि त्यामुळे मुले बिघडतील, असा आक्षेप होता. पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य असू शकते. चित्रे आणि भाषा आपल्या मुलांना साजेशी नसेल, तर ती बदलायला हवी. युगांडाने तेच केले; पण म्हणून त्याने धडाच फाडून टाकला नाही. दुसरा आक्षेप तपासून पाहिलेला आहे. अशा शिक्षणाने लैंगिक वर्तन वाढत नाही, असा निष्कर्ष युनेस्कोने अनेक देशांतील अभ्यासांवरून काढला आहे.

महाविद्यालयात येणारी हुशार मुले किरणोत्साराची गणिते बिनचूक सोडवतात. पण बाधित माणसाच्या शेजारी बसावे की नाही, याचे उत्तर त्यांना देता येत नाही. हा दोष त्यांचा नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात एक बंद पेटी ठेवा आणि मुलांना नाव न घालता प्रश्न टाकू द्या. उत्तर माहीत नसेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयातील समुपदेशकाला शाळेत बोलवा. विद्यार्थी मित्रहो, १०९७ हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा निःशुल्क दूरध्वनी आहे. सरकारी केंद्रात चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. २०१७ च्या कायद्याने बाधित मुलाला शाळेतून काढणे हा गुन्हा ठरतो की नाही, हे तुमच्या शिक्षकांना विचारा. त्या कायद्याने शिक्षणात भेदभाव करण्यास मनाई केली आहे, एवढे मी सांगतो. तसा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वर्गात असेल, तर त्याच्याशेजारी बसा आणि डबाही वाटून खा. ते सुरक्षित का आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.