पाईपलाईननं खोल केलेली विहीर



वार्षिक सभा असो की गट ऑफिसपुढची सकाळची बैठक, विजेचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. रात्रीची वीज, कमी दाब, जळालेली मोटर. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या झाल्याच पाहिजेत. पण जी वीज हातात पडते तिचं आपण काय करतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते आज विचारावं म्हणून हे चार शब्द.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनानं २०२४ सालापासून वीज मोफत केली. तेव्हापासून काही मंडळी म्हणतात, "आता बिलच नाही, मग हिशेब कशाला?" आमच्या मते हिशेब आताच करायला हवा. बिल माफ झालं म्हणून विजेचे तास वाढले नाहीत. पाळीच्या आठ तासांत जेवढं पाणी सरीत पडेल तेवढंच आपलं. आणि नदीवरून मोठ्या मोटरी चालवणाऱ्या पाणीपुरवठा संस्थांना तर बिलही चुकलेलं नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे शाळेत न जाता कळत होतं. मोटेची धाव विहिरीकडून उताराची का ठेवीत? बैल उताराला लागले की त्यांच्या अंगाचं वजनही नाडा ओढायच्या कामी येई, आणि मोट वर येई. रिकामी मोट खाली सोडताना बैल उलट्या पावली चढ चढत, म्हणजे पुढच्या खेपेची शिल्लक पुन्हा जमा होई. उंचीवर साठलेली ही शिल्लक म्हणजे पुस्तकातली स्थितिज ऊर्जा. चालत्या वस्तूच्या अंगी असते ती गतिज. एक मोडून दुसरी होते, पण खात्यातून काही नाहीसं होत नाही. फक्त काही भाग अशा खात्यावर जातो की जिथून तो परत काढता येत नाही. ते खातं उष्णतेचं.

हे जेम्स जूल नावाच्या इंग्रज संशोधकानं १८४० नंतरच्या दशकात मोजून दाखवलं. वजनं खाली सोडून त्यानं पाण्यात पंखा फिरवला आणि पाणी किती तापतं ते पाहिलं. त्याच्या हिशेबाचा आजचा आकडा असा की, पाणी ४२७ मीटरवरून पडून नुसतं थांबलं तर अवघा एक अंश तापतं. आता आपली कोयना बघा. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या बाजूला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरतं. ते नुसतं धबधब्यासारखं कोसळलं असतं तर एखाद्या अंशानं कोमट होऊन कोकणात गेलं असतं. वाटेत टर्बाईन बसवलं म्हणून त्याच हजार लिटर पाण्यामागं एक युनिटहून थोडी जास्त वीज निघते. पाणी तेच, पडणंही तेच. फरक एवढाच की वाटेत कोणीतरी काम करून घेतलं.

एक युनिटमध्ये काय ताकद असते? हजार लिटर पाणी ३६७ मीटर वर उचलण्याची. अर्थात पंप-मोटर सगळी ताकद पाण्याला देत नाही. निम्मी दिली तरी बरं म्हणायचं. तरीसुद्धा तीस मीटर चढावर एका युनिटात सहा हजार लिटर पाणी शेतात यायला हवं. येतं का तुमच्याकडं?

येत नसेल तर पाईपलाईनकडं बघा. एक उदाहरण घेऊ. चढ तीस मीटर, पाईपलाईन पाचशे मीटर, पाणी सेकंदाला दहा लिटर. पाईप चार इंची असेल तर पाईपच्या अंगाला घासण्यात ढोबळमानानं आठ मीटर चढाइतकी शक्ती जाते. पंपाला विहीर अडतीस मीटरची वाटते. पैसे वाचवायला तीन इंची टाकली, तर तेवढंच पाणी पावणेदोन पट वेगानं पळवावं लागतं आणि घासण्याचं नुकसान चौपट होतं, सुमारे पस्तीस मीटर. म्हणजे पंपाला विहीर पासष्ट मीटरची झाली! फावडं न लावता आपणच ती सत्तावीस मीटर खोल केली. ही शक्ती जाते कुठं? जूलच्या खात्यावर. पाणी एक अंशाच्या दहाव्या भागाइतकंही तापत नाही, हाताला समजणारसुद्धा नाही. म्हणून तर कोणी तक्रार करत नाही.

पहिल्या पाईपला दहा अश्वशक्तीची मोटर पुरेल, दुसऱ्या पाईपला सतरा लागेल. आणि दहाचीच ठेवली, तर दहाऐवजी साडेसात लिटरच्या आसपास पाणी येईल. आठ तासांत सत्तर हजार लिटर कमी! शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात त्या यामुळं. मग आपण काय करतो? शेजाऱ्यानं मोठी मोटर बसवली म्हणून आपणही बसवतो. डीपीवर भार वाढतो, दाब पडतो, आणि दोघांच्याही मोटरी जळतात. रिवाइंडिंगवाल्याचं तेवढं भलं होतं.

वीज अचानक गेली की काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. पाचशे मीटर चार इंची पाईपमध्ये जवळजवळ चार टन पाणी असतं. ते चालतं असतं, मग थबकतं, आणि चढावरून उलट फिरतं. व्हॉल्व्ह खराब असेल तर ते पंपाला उलटं फिरवतं. व्हॉल्व्ह उशिरा आणि धाडकन बंद झाला तर त्या पाण्याचा घाव पाईपवर बसतो. रात्री "पाईप फुटली" म्हणून ज्याला शिव्या घालतो, त्या कारागिराचा जोड पुष्कळदा चांगलाच असतो. एका चांगल्या व्हॉल्व्हची किंमत दोन वेळा पाईप जोडण्याहून जास्त नसते.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. बेणं, खत, ठिबक यांसाठी जशी उचल मिळते आणि ऊसबिलातून वळती होते, तशी पाईप मोठी करण्यासाठी आणि पंप बदलण्यासाठी मिळावी. मात्र नुसती मोटर वाढवण्यासाठी मागितली तर कारखान्यानं हात आखडता घ्यावा. काही सभासदांना हे रुचणार नाही. "पैसा आमचा, मोटर आमची," असं ते म्हणतील. म्हणोत. डीपी तर सगळ्यांची आहे.

संचालक मंडळापुढं हा विषय मांडायचा तर नुसत्या तोंडी गोष्टी चालणार नाहीत, आकडे हवेत. तेव्हा येत्या पाळीला प्रत्येकानं एवढं करावं. शेताच्या टोकाला दोनशे लिटरचा बॅरल ठेवावा आणि तो किती सेकंदांत भरतो ते घड्याळावर बघावं. वीस सेकंद लागले तर दहा लिटर, चाळीस लागले तर पाच. त्याखाली मोटरची अश्वशक्ती, पाईपचा इंच, लांबी आणि अंदाजे चढ लिहून चिठ्ठी गट ऑफिसात द्यावी. बॅरल नसेल तर शेजाऱ्याचा आणावा. त्या निमित्तानं त्याचंही पाणी मोजून होईल.