बराखीतला कांदा आणि मनातले 'अजून'



कांदा बराखीत भरायची वेळ आली की मी गावोगाव एकच सांगतो. माल टप्प्याटप्प्याने काढा, सडका आणि कोंब आलेला वेळच्या वेळी निवडा, एकाच भावाकडे डोळे लावून बसू नका. पंचवीस वर्षे हे सांगतो आहे. आणि २०२३ साली आमच्या घरच्या बराखीत मी नेमके उलटे केले. म्हणून आज खत-औषध बाजूला ठेवून हावेबद्दल लिहितो.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भाव चढला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता काढून टाकू." मी म्हणालो, "थांब रे, अजून पंधरा दिवस." रोज मंचरचा भाव विचारायचा, आळेफाट्याचा विचारायचा, रात्री आकडेमोड करायची. बराखीकडे मात्र फिरकलो नाही. कांद्याला कोंब फुटले, खालचा थर पाझरू लागला. ८ डिसेंबरला निर्यातबंदी लागू झाली आणि भाव कोसळला. बंदीबद्दलचा शेतकऱ्याचा राग रास्तच आहे. पण आमचा खालचा थर बंदीच्या आधीच सडला होता. भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

या 'अजून'वर खोल विचार केलेले एक पुरुष शेतकऱ्याच्याच घरातले होते. निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी. मालवणजवळच्या कांदळगावात शेतीत, गुराढोरांत वाढले, मग मुंबईत विड्यांचे दुकान चालवले. गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना सांगितले की 'मी आहे' या जाणिवेवर लक्ष ठेव. गुरू १९३६ साली गेले. पुढच्या वर्षी हे घरदार सोडून निघाले, पण काही महिन्यांनी परतले आणि पुन्हा दुकानावर बसले. १९८१ साली देह ठेवला तोवर खेतवाडीतल्या त्यांच्या पोटमाळ्यावर देशोदेशीची माणसे येत होती.

अद्वैत म्हणजे दोनपण नाही. शोधणारा आणि शोधायची वस्तू वेगळी नाही. हाव मात्र 'मी अपुरा आहे' या समजुतीवर वाढते. अमुक भाव मिळाला की मी पुरा होईन, असे ती सांगते, आणि तो मिळाला की खूण पुढे सरकवते. तिच्याशी भांडून भागत नाही. 'अजून' उठले हे ज्याला कळते, त्याच्याकडे नजर वळवायची. तो बाजारात गेलेला नसतो. बराखीच्या दारातच उभा असतो.

ओतूरला बाबाजी चैतन्यांच्या समाधीपाशी एका माळकरी आजोबांना मी हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "साहेब, शेतकऱ्याला आजचं काय? रोप टाकायचं आज आन् पैसं सहा महिन्यांनी. हाव नसती तर पेरलं कुणी असतं?"

प्रश्न खरा होता. दोन दिवस डोक्यात राहिला. रोप टाकणे हे आजचेच काम, वाफा आणि पाणी आज हातात असते. हिशेबाने माल राखणे हेही आजचेच काम, पण त्यासाठी माल डोळ्यांनी बघावा लागतो. मी राखत नव्हतो, पुढच्या महिन्यात राहायला गेलो होतो. आणि ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, त्याला भावाचा घोर लागतो ती हाव नव्हे. त्याला कोणी अध्यात्म शिकवू नये.

आता आम्ही दोघे भाऊ आठवड्यातून एकदा बराखीत जातो. वास घेतो, खालपर्यंत हात घालून बघतो. 'अजून' मनात येतेच. परवा भाऊच म्हणाला, "दादा, आठ दिवस थांबू का?" मी काही बोललो नाही. बराच वेळ दोघे कांदा निवडत बसलो. मग त्याने पोराला गोण्या आणायला पाठवले.